निळ्या पाण्याच्या काठावर फायनल्स

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाचा फोटो अल्बम साधारण ठरलेला असतो. टाइम्स स्क्वेअर, नायगरा, लास वेगास आणि न्यू जर्सीतल्या कुणा काकांच्या घरामागचं लॉन. माझ्या अल्बममध्ये मात्र एक अणुभट्टी आहे! चालू स्थितीतली, काठावर उभं राहून वरून वाकून बघता येईल अशी. फोटोतला निळा रंग इतका भन्नाट आलाय की ज्याला दाखवला त्यानं ‘कुठला फिल्टर?’ एवढंच विचारलं. फिल्टर नाही हो. तो रंग तसाच असतो.

ही भट्टी आहे पेन स्टेट विद्यापीठात. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या अगदी मधोमध, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी. (हो, गावाचंच नाव स्टेट कॉलेज. आपल्याकडे चौकाला विद्यापीठाचं नाव असतं, इथे अख्ख्या गावाला.) माझी मावसबहीण तिथे न्यूक्लिअर इंजिनीअरिंगमध्ये मास्टर्स करत होती. डिसेंबर २०२५ मध्ये तिचं शेवटचं सेमिस्टर संपत होतं. काका-मावशीला व्हिसाची तारीख वेळेत मिळाली नाही. मी कामासाठी न्यूयॉर्कला आहे म्हटल्यावर हुकूमच आला, “ताई, तू ये. गाऊन घालून एकटीनं काय फोटो काढू?”

न्यूयॉर्कहून बसनं साधारण पाच तास. पहिला तास ट्रॅफिकमध्ये जातो आणि मग एकदम काहीच उरत नाही. नुसत्या टेकड्या, निष्पर्ण झाडं, लाल रंगाची धान्याची कोठारं, मध्येच आमिश लोकांची काळी घोडागाडी. विजेला शक्यतो लांब ठेवणाऱ्या या लोकांच्या शेतांना वळसा घालून मी अणुऊर्जा शिकणाऱ्यांच्या गावी चालले होते. काय कॉम्बिनेशन आहे!

गावाला लाडानं ‘हॅपी व्हॅली’ म्हणतात. गावात जेवढी माणसं राहतात त्याच्या कितीतरी जास्त खुर्च्या इथल्या फुटबॉल स्टेडियममध्ये आहेत... १ लाखाहून जास्त. पण फायनल्सच्या आठवड्यात व्हॅली फारशी हॅपी नसते. लायब्ररीत पाय ठेवायला जागा नाही, कॉफीच्या रांगा दारापर्यंत, आणि प्रत्येकाचा चेहरा आपल्याकडच्या मार्च एंडला अकाउंट्सवाल्यांचा असतो तसा. रात्री दोन वाजता एक मुलगी थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक पोटाशी धरून सोफ्यावर गाढ झोपलेली पाहिली आणि माझी मास कॉमची सगळी सबमिशन्स आठवली.

त्यातल्या त्यात विरंगुळा म्हणजे ‘क्रीमरी’. विद्यापीठाची स्वतःची डेअरी. ‘बेन अँड जेरीज’वाल्या बेन आणि जेरीनं आइस्क्रीम बनवायचं शिक्षण इथल्याच पोस्टल कोर्समधून घेतलं, पाच डॉलर फी भरून. उणे तापमानात लोक हातमोजे घालून कोन खात होते. दोन फ्लेव्हर एकत्र मिळत नाहीत, हा इथला कडक नियम. म्हणतात की फक्त बिल क्लिंटनसाठी तो एकदा मोडला. माझ्यासाठी कुणी मोडला नाही.

सत्तावीस टँकर पाणी

अणुभट्टी म्हटलं की डोळ्यांपुढे काटेरी तारा, बंदूकधारी आणि डोंगराएवढी धुराडी येतात. ब्रीझील रिअॅक्टर नावाची ही भट्टी कॅम्पसच्या पूर्वेकडे आहे, मुलांच्या हॉस्टेल्सपासून चालत जाण्याइतकी. बाहेरून एखाद्या एमआयडीसीतली बऱ्यापैकी निगा राखलेली शेड वाटावी. अर्थात कुणीही उठून आत जायचं असं नाही. आधी नाव कळवायचं, ओळखपत्र दाखवायचं, आणि मग खिशाला अडकवायला पेनाएवढा डोसीमीटर मिळतो. तुम्ही आत किती किरणोत्सर्ग खाल्लात, याचा हिशेब तो ठेवतो.

आत एक तलाव आहे. तलाव म्हणजे स्विमिंग पूलच म्हणा ना, फक्त सव्वासात मीटर खोल. त्यात सुमारे २ लाख ७० हजार लिटर पाणी मावतं. मुंबईकरांच्या हिशेबात १० हजार लिटरवाले सत्तावीस टँकर. हे पाणीच इथलं संरक्षण. तळाशी इंधनाच्या कांड्यांचा एक जुडगा, आणि त्याच्याभोवती तो निळा प्रकाश. ट्यूबलाइटसारखा पांढुरका नाही, पोलिसांच्या गाडीवरच्या दिव्यासारखा भडकही नाही. खूप खोल, शांत, जरासा जिवंत वाटणारा निळा. मी पाच मिनिटं काहीच बोलले नाही. माझ्याबाबतीत ही बातमी आहे.

बहिणीनं समजावलं ते असं. निर्वात पोकळीत प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जाऊ शकत नाही. पण पाण्यात शिरला की प्रकाश मंदावतो, साधारण पाऊण वेगानं जातो. भट्टीतून सुटलेले इलेक्ट्रॉन मात्र त्याच पाण्यातून त्याच्यापेक्षा जोरात पळतात. होडी लाटांपेक्षा वेगात गेली की मागे पाण्याची पाचर उठते ना? तशी इथे प्रकाशाची उठते. पावेल चेरेन्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं १९३४ मध्ये हे नोंदवलं, १९५८ मध्ये त्याबद्दल नोबेल मिळालं. म्हणून ही चेरेन्कोव्ह किरणं. कॉलेजात असं कुणी समजावलं असतं तर मी कदाचित सायन्स सोडलं नसतं. जाऊ दे.

ही भट्टी वीज बनवत नाही. तिची ताकद १ मेगावॅट उष्णतेची. तिचं काम न्यूट्रॉन पुरवणं. न्यूट्रॉनच्या झोतात एखादी चालू फ्युएल सेल ठेवली तर तिच्या पोटात पाणी कुठे साचतंय ते धातूच्या आवरणाआडूनही दिसतं, एक्स-रेला जे जमत नाही ते. जुन्या झाडांच्या खोडातल्या वार्षिक कड्याही इथे तपासल्या गेल्यात, हजारो वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीनं त्या लाकडात काही खुणा सोडल्यात का ते बघायला. आणि तिसरं काम अर्थातच पोरं घडवणं.

कंट्रोल रूममध्ये बसलेला मुलगा वीस वर्षांचा होता. इथे पदवीचे विद्यार्थीसुद्धा ट्रेनिंग घेऊन, अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाची परीक्षा देऊन ऑपरेटर होऊ शकतात. म्हणजे या पोराला गावातल्या बारमध्ये बिअर मिळत नाही (त्याला वय २१ लागतं), पण अणुभट्टी चालवायचं लायसन्स खिशात! त्याची त्या दिवशी दुपारी गणिताची परीक्षा होती. तिचं टेन्शन त्याला भट्टीपेक्षा जास्त होतं.

सेमिस्टरच्या शेवटी विद्यार्थ्यांना आवडणारा एक खेळ असतो: पल्स. नियंत्रण करणारी एक कांडी हवेच्या दाबानं फाडकन वर उडवतात. क्षणार्धात भट्टीची ताकद शेकडो मेगावॅटच्या घरात जाते आणि तितक्याच वेगानं आपोआप खाली येते. कुणी बटण दाबून ती थांबवत नाही. युरेनियम आणि झिर्कोनियम हायड्राइड यांचं ते इंधनच असं आहे की ते तापलं की साखळी प्रक्रिया स्वतःहून मंदावते. उलटी गिनती झाली, एक धप्प आवाज आला, आणि अख्खा तळ निळ्या विजेसारखा लखलखून गेला. सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘वॉव’. तिसऱ्यांदा पाहणाऱ्या माझ्या बहिणीच्याही.

बाहेर पडताना डोसीमीटर परत केला. आकडा शून्य. मुंबई ते न्यूयॉर्क विमानात बसून मी त्यापेक्षा जास्त किरणोत्सर्ग घेतला होता, आणि तेव्हा मला फक्त जेवणाची तक्रार होती.

आयसेनहॉवरचे भाऊ आणि आपली अप्सरा

या भट्टीला १९५५ मध्ये परवाना मिळाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती सुरू झाली. लायसन्स नंबर आर-२. इतकी वर्षं सलग चालणारी ही अमेरिकेतली सर्वांत जुनी परवानाधारक संशोधन भट्टी. त्या काळात विद्यापीठाचे अध्यक्ष होते मिल्टन आयसेनहॉवर, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सख्खे धाकटे भाऊ. ११ जून १९५५ ला ड्वाइट आयसेनहॉवर इथल्या पदवीदान समारंभाला आले आणि भाषणात त्यांनी जाहीर करून टाकलं की मित्रदेशांना संशोधन भट्ट्या उभारायच्या असतील तर निम्मा खर्च अमेरिका देईल. भावाच्या कॉलेजच्या कन्व्होकेशनमध्ये परराष्ट्र धोरण!

आपण तोवर स्वस्थ बसलो नव्हतो. तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ ला आपली भट्टी सुरू झाली, आशियातली पहिली. तीही अशीच तलावातली, फक्त इंधन ब्रिटनहून आलेलं. पाण्यातला तोच निळा उजेड, आणि पंडित नेहरूंनी नाव ठेवलं ‘अप्सरा’. चेंबूर, मानखुर्दला राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की आपल्या घरापासून काही किलोमीटरवर अशी एक निळी अप्सरा नांदत होती? जुनी अप्सरा २००९ मध्ये बंद झाली, तिची नवी आवृत्ती २०१८ मध्ये सुरू झाली. पण ती तुम्हा-आम्हाला सहज बघायला मिळत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा हा रंग पाहिला तो साडेबारा हजार किलोमीटर लांब जाऊन. थोडं विचित्रच ना?

नदीतलं बेट

बहिणीचा शेवटचा पेपर बुधवारी सकाळी संपला. मी म्हटलं, आता पार्टी! ती म्हणाली, “आधी एक गोष्ट दाखवते. दोन तासांवर आहे.”

मैत्रिणीची गाडी घेऊन आम्ही जुनिआटा नदीच्या काठाकाठानं हॅरिसबर्गकडे निघालो. पुढे सस्क्वेहाना नदी लागते. रुंद, उथळ, मध्ये मध्ये बेटं असलेली. त्यातल्या एका बेटावर चार प्रचंड कूलिंग टॉवर. थ्री माइल आयलंड.

२८ मार्च १९७९ च्या पहाटे इथल्या दोन नंबरच्या युनिटमध्ये एक झडप उघडी अडकली. कंट्रोल रूममधला दिवा मात्र सांगत होता की सगळं ठीक. कारण तो दिवा झडप ‘बंद झाली’ हे दाखवतच नव्हता, ‘बंद हो’ असा हुकूम गेला एवढंच दाखवत होता! (आपल्या ऑफिसातल्या ‘ईमेल पाठवला आहे’सारखं. काम झालंय की नाही ते देव जाणे.) थंड करणारं पाणी निघून जात राहिलं, आणि भट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला. दोन दिवसांनी गव्हर्नरनी पाच मैलांतल्या गरोदर बायका आणि लहान मुलांना बाहेर जायचा सल्ला दिला. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ४० हजार लोकांनी गाड्या काढल्या. त्यात भर म्हणजे अणुभट्टीतल्या अपघातावरचा ‘द चायना सिंड्रोम’ हा सिनेमा बाराच दिवस आधी लागलेला.

बाहेर पडलेला किरणोत्सर्ग खूप कमी होता. पण लोकांचा विश्वास गेला तो गेलाच. अमेरिकेत भट्ट्यांच्या ऑर्डर आटल्या, या विषयाकडे येणारी मुलं आटली. कित्येक विद्यापीठांनी आपल्या भट्ट्या बंद केल्या. आज देशभरातल्या विद्यापीठांत मिळून त्या दोन डझनांच्या आसपास उरल्यात. पेन स्टेटमध्येही हा विभाग बरीच वर्षं मेकॅनिकलच्या ताटाखालचं मांजर होऊन राहिला.

हे सगळं थोडंफार मला माहीत होतं. बहिणीला सांगायची होती ती पुढची गोष्ट.

अपघातानंतर वर्षभरानं बंदिस्त इमारतीत क्रिप्टॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू साठून होता. तो हवेत सोडल्याशिवाय आत सफाई करणं शक्य नव्हतं. लोक भडकले. सरकार म्हणतंय धोका नाही, कंपनी म्हणतेय धोका नाही... गेल्या वर्षीही हेच म्हणत होते! तेव्हा एक वेगळीच कल्पना निघाली. बेटाच्या आसपासच्या बारा गावांतून पन्नासेक माणसं निवडली. शिक्षक, गृहिणी, सेक्रेटरी, पोलीस, निवृत्त मंडळी. आणि त्यांचे वर्ग घेतले पेन स्टेटच्या न्यूक्लिअर इंजिनीअरिंगवाल्यांनी. किरणोत्सर्ग म्हणजे काय, मीटर कसं वाचायचं, आकडा वर गेला तर त्याचा अर्थ काय. १९८० च्या जून-जुलैमध्ये वायू सोडला गेला, तेव्हा गावातली मीटर ही माणसं वाचत होती आणि आपापल्या गावाला रोजचे आकडे सांगत होती. तज्ज्ञ नव्हे. शेजारच्या काकू.

“आमच्या डिपार्टमेंटनं केलेलं सगळ्यात भारी काम हेच आहे,” बहीण म्हणाली. “पल्स वगैरे ठीक आहे.”

मी गप्प. कारण आम्हा दोघींचं आजोळ राजापूर तालुक्यातलं. जैतापूर तिथून हाकेच्या अंतरावर. २०११ च्या मार्चमध्ये जपानला फुकुशिमा झालं, आणि १८ एप्रिलला नाटे गावात जैतापूर प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एक मच्छीमार तरुण गेला. त्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला गेलो तेव्हा ती दहा वर्षांची होती, मी चौदाची. भिंतीभिंतीवर ‘अणुऊर्जा नको’. आणि आजी संध्याकाळी पडवीत बसून येईल त्याला एकच विचारायची, “अगो, पण पाणी गरम झालं की मासा राहील काय तिथे?”

प्रश्न अगदी बरोबर होता. अणुवीज केंद्र समुद्राचं पाणी आत घेतं आणि जरा कोमट करून परत सोडतं. ते किती कोमट, किती दूरपर्यंत, आणि त्यानं मासळीचं काय होतं, हे मोजता येतं. आजीला तेव्हा उत्तर म्हणून मिळालं ते एक चकचकीत माहितीपत्रक, त्यावर हसणारं बाळ आणि बल्ब. ९,९०० मेगावॅटचा तो प्रकल्प अजून कागदावरच आहे. आजीचा प्रश्नही तिथेच आहे. मला वाटतं, थर्मामीटर हातात मिळाला असता तर आजीनं तो रोज न चुकता लावला असता. पंचांगाशेजारी वही टांगून.

कोण कुठे चाललं?

खरी गंमत पुढे आहे. थ्री माइल आयलंडचं एक नंबरचं युनिट, म्हणजे ज्याला अपघात झाला नव्हता ते, ऐंशीच्या दशकात पुन्हा सुरू होऊन २०१९ पर्यंत वीज देत होतं. मग परवडेना म्हणून बंद केलं. योगायोग बघा, त्याच २०१९ मध्ये पेन स्टेटचा न्यूक्लिअर विभाग मेकॅनिकलमधून सुटून पुन्हा स्वतंत्र झाला. दुकान बंद होताना कामगारांची शाळा उघडावी तसं! आणि २०२४ च्या सप्टेंबरात बातमी आली: मायक्रोसॉफ्टला डेटा सेंटर्ससाठी वीज हवी आहे, वीस वर्षांचा करार झालाय, ८३५ मेगावॅटचं युनिट पुन्हा सुरू होणार. नवं नाव क्रेन क्लीन एनर्जी सेंटर, मुहूर्त २०२७ चा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं त्यासाठी १ अब्ज डॉलरचं कर्जही दिलं.

म्हणजे आपण ऑफिसात बसून एआयकडून ‘बॉसला नम्र शब्दांत नकार’ लिहून घेतो ना, त्याची वीज. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे कुणाला नको होतं, ते अचानक सगळ्यांना हवं झालंय. मला यात पूर्ण आनंद होत नाही. जगाला कोळसा सोडायचा म्हणून नव्हे, तर चॅटबॉटला घाई आहे म्हणून भट्टी उघडते, हे जरा टोचतं. पण त्या रात्री डिपार्टमेंटच्या पोरांच्या पॉटलक पार्टीत हे बोलायची सोय नव्हती. तिथे उत्सव होता.

प्रत्येक जण बातमी घेऊन आला होता. एक जण क्रेनला चाललेला, ऑपरेटरचं ट्रेनिंग घ्यायला. त्याचे आजोबा १९७९ मध्ये गाडी काढून पळालेल्यांपैकी. एकीला पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउसमध्ये नोकरी. ही कंपनी पेन स्टेटच्याच आवारात एक छोटी भट्टी बसवायच्या विचारात आहे, २०२५ च्या सुरुवातीला त्याची प्राथमिक कागदपत्रंही हलली. एक जण नेव्हीच्या पाणबुड्यांसाठी. चौघं पीएचडीला. वीस वर्षांच्या त्या ऑपरेटरचं गणित बरं गेलेलं. टेबलावर पिझ्झा, मेक्सिकन भात आणि माझ्या बहिणीचे साबुदाणा वडे. (साबुदाणा आणायला दुसऱ्या गावी जावं लागतं, हे तिनं सगळ्यांना आठवणीनं ऐकवलं.)

“आणि तू?” कुणीतरी तिला विचारलं. “अजून बघतेय,” ती हसून म्हणाली.

घरी चालत जाताना तिनं मोबाइलवर मला नोकऱ्यांच्या जाहिराती दाखवल्या. बऱ्याच जाहिरातींच्या तळाशी तीच ओळ: अमेरिकन नागरिक असणं आवश्यक. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ‘पार्ट ८१०’ नावाचा नियम आहे. अणुतंत्रज्ञान कुठल्या देशांशी सरसकट वाटून घेता येतं, याची यादी त्यात आहे. भारत त्या यादीत नाही. वर्गात, पुस्तकात शिकायला हरकत नाही. पण कंपनीच्या आतल्या डिझाइनला हात लावायचा तर आधी खास परवानगी. म्हणजे ज्या वर्गात ती पहिल्या पाचांत होती, त्या वर्गानंतरची कितीतरी दारं तिच्यासाठी बंद. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर फी जाहीर झाली. नंतर खुलासे आले, सवलती आल्या, पण कंपन्या बिचकल्या त्या बिचकल्याच.

“कॉम्प्युटर सायन्स केलं असतंस तर?” मी विचारलं. घरचे सगळे विचारतात तोच प्रश्न.

“तर आता त्यांच्याबरोबर रडले असते,” ती म्हणाली. पॉइंट होता.

गुरुवारी सकाळी आम्ही झोपेतच होतो तेव्हा तिच्या फोनवर काकांचे सलग सहा मेसेज. भारतात तेव्हा संध्याकाळ. राज्यसभेनं ‘शांती’ विधेयक मंजूर केलं होतं, लोकसभेनं आदल्याच दिवशी केलेलं. १९६२ चा अणुऊर्जा कायदा जाऊन नवा येणार. अणुवीज केंद्र चालवायला खासगी कंपन्यांना वाट मोकळी. फायनल्सच्या आठवड्यातच! २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारनं २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज असं लक्ष्य ठेवलंय. आज आपण त्याच्या दशांशालाही पोचलेलो नाही. म्हणजे माणसं लागणार, भरपूर. गंमत म्हणजे त्याच ‘पार्ट ८१०’खाली मार्च २०२५ मध्ये होल्टेक या अमेरिकन कंपनीला आपलं छोट्या भट्टीचं तंत्रज्ञान भारतातल्या तीन कंपन्यांना द्यायची परवानगी मिळाली. त्यातली एक तिचीच भारतीय शाखा. कुठे आहे? पुण्यात!

काकांचा सहावा मेसेज होता: “आता ये परत.”

ती बराच वेळ फोनकडे बघत बसली. आनंद होता, नाही असं नाही. पण त्याच कायद्यानं २०१० चा अणुअपघात नुकसानभरपाईचा कायदाही मोडीत काढलाय. अपघात झाला तर पैसे कुणी, किती द्यायचे, याचा हिशेब नव्यानं मांडलाय, आणि त्यावर संसदेत कडाक्याचं भांडण झालं. “आजीकडे जाऊन काय सांगू?” ती म्हणाली. “की आता प्रायव्हेट कंपनी आहे, काळजी नको?”

मग चहा झाला, आणि तिनं लॅपटॉप उघडला. पुण्यातल्या एका कंपनीनं तिला मुलाखतीसाठी बोलावलं होतं. दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं, विषय तिच्या प्रोजेक्टचाच: गरम पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर कसा मोडायचा, असं काहीसं. मला त्यातल्या आलेखांचं ओ की ठो कळलं नाही. शेवटची स्लाइड मात्र कळली. तिच्यावर नकाशा होता, बारा गावांचा, १९८० चा. खाली मराठीत एक ओळ: मीटर गावात कोण वाचणार?

“हे त्यांनी मागितलंय?”

“नाही.”

“काढून टाकशील?”

“बघू,” ती म्हणाली आणि स्लाइड तशीच ठेवून तिनं फाइल सेव्ह केली.

सिंहासमोरची रांग

शनिवारी पदवीदान. दोन-अडीच तासांचा कार्यक्रम, त्यातले तिच्या नावाचे चार सेकंद. मी शिट्टी वाजवली. शेजारच्या अमेरिकन आजींनी कौतुकानं पाहिलं.

त्यानंतरचा खरा विधी म्हणजे निटनी सिंहाबरोबर फोटो. १३ टनांच्या एकाच चुनखडकातून कोरलेला हा पहाडी सिंह १९४२ पासून इथे दबा धरून बसलाय. त्याच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढल्याशिवाय डिग्री पूर्ण होत नाही, असा समज आहे. रांग सत्यनारायणाच्या प्रसादाला असते तशी, फक्त सगळे निळ्या गाऊनमध्ये आणि थंडीनं दात वाजवत. आमच्या पुढे क्रेनला चाललेला तो मुलगा सहकुटुंब उभा होता. त्याचे आजोबाही आले होते, तेच ते. नातवाच्या टोपीचं गोंडं सारखं नीट करत होते. बहिणीनं त्यांना बुधवारच्या सहलीबद्दल सांगितलं, मीटर वाचणाऱ्या माणसांबद्दलही. त्यांना ते चांगलंच आठवत होतं. आमच्या रस्त्यावरची एक शिक्षिका त्यात होती, म्हणाले. सरकारवर नव्हता, पण तिच्यावर विश्वास होता.

आमचा नंबर आला. मी सत्तावीस फोटो काढले, त्यातले पंचवीस हलले. नऊवारी नेसून गाऊन घालायचा तिचा बेत थंडीनं हाणून पाडला होता, पण नथ होती.

संध्याकाळी सामानाच्या बॅगा निघाल्या. गाऊनची घडी घालता घालता तिनं फोन उचलून अलार्म लावला. सोमवार, पहाटे साडेतीन. पुण्यात तेव्हा दुपारचे दोन.